नॅसवरचे स्नॅपशॉट: किती ठेवायचे, आणि परत आणताना कोणतं बटण दाबायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक भागात टूलरूम. ऑफिसात चार डिस्कचं नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवरून ठेवणारा डबा, प्रत्येक डिस्क ४ टीबीची, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी मांडणी). त्यावर कॅड ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्रॅम, टॅली आणि इतर कागदपत्रं मिळून ५ टीबीच्या आसपास डेटा. नवीन आलेल्या मुलाने डिझाइनचं एक फोल्डर चुकून दुसऱ्या फोल्डरात ओढलं आणि मग 'हे इथे कशाला' म्हणून उडवलं. संध्याकाळी लक्षात आलं. सर्व्हिसवाल्याने सकाळचा स्नॅपशॉट, म्हणजे नॅसने त्या क्षणी धरून ठेवलेली डेटाची स्थिती, रिस्टोअर केला. फोल्डर आलं, पण बाकी सगळ्यांचं त्या दिवशीचं काम गेलं. मालक विचारतात: मग स्नॅपशॉटचा उपयोग काय? ठेवायचे तर किती? आणि वेगळा बॅकअप लागतोच का?

आधी त्या दिवशीच्या कामाचं बघू, कारण ते अजून हाताशी असू शकतं. नॅसच्या स्नॅपशॉटच्या यादीत जाऊन रिस्टोअर केल्याच्या वेळेच्या आधीचे, त्याच दिवशीचे दुपारचे स्नॅपशॉट दिसतात का ते पाहा. झेडएफएस या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीवर) रोलबॅक, म्हणजे सगळंच मागच्या स्नॅपशॉटवर नेणं, केला असेल तर मधले स्नॅपशॉट जातात, तो रोलबॅकच्या रीतीचाच भाग आहे. पण इतर काही नॅसवर रिस्टोअर करण्याआधी 'आत्ताच्या स्थितीचा एक स्नॅपशॉट घेऊ का' अशी खूण असते. सर्व्हिसवाल्याने ती काढली नसेल, तर तुमचं काम त्या एका ओळीत बसलेलं आहे. वेळ वाचताना एक सांभाळा. काही नॅसवर स्नॅपशॉटच्या फोल्डरचं नाव ग्रिनिचच्या वेळेत असतं. साडेबाराचं लेबल दिसलं तर त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे तो संध्याकाळी सहाचा. चुकीचा स्नॅपशॉट उघडून 'यात काही नाही' म्हणत बसलेली मंडळी मी बघितली आहेत.

यादीत नसेल तर शॉपफ्लोअरवर जा. सीएनसी प्रोग्रॅम त्या दिवशी मशीनवर चढवला असेल, तर तो कंट्रोलरच्या मेमरीत आहे. ऑपरेटरने जागा करायला पुसायच्या आत पेनड्राइव्हवर किंवा कार्डवर काढून घ्या. ऑटोकॅडचं ऑटोसेव्ह त्या त्या पीसीच्या टेम्प फोल्डरात असतं. प्रोग्रॅम नीट बंद केला की ते उडतं, पण हँग होऊन बंद पडला असेल तर सापडतं. गिऱ्हाइकाला मेल केलेली ड्रॉइंग, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पीडीएफ, हेही गोळा करा. दिवसाचं निम्मं काम असं निघतं.

आता मूळ गोष्ट. सातबारा बघितला असेल तर स्नॅपशॉट समजायला पाच मिनिटं लागतात. जमीन विकली की उताऱ्यावरचं जुनं नाव कोणी खरवडून काढत नाही. त्याला पूर्वी कंस व्हायचा, आता आडवी रेष पडते, नवीन नाव खाली येतं, शेजारी फेरफार क्रमांक पडतो. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइलसिस्टिम तशाच चालतात. तुम्ही ड्रॉइंग बदललं की जुन्या जागेवर नवं लिहिलं जात नाही. नवे ब्लॉक (डेटाचे तुकडे) दुसऱ्या मोकळ्या जागी लिहिले जातात आणि 'आता इकडे बघा' अशी नोंद बदलते. कोणाला गरज नसेल तर जुने ब्लॉक मोकळे होतात. स्नॅपशॉट म्हणजे सिस्टिमला दिलेली ताकीद: या क्षणी जे ब्लॉक वापरात आहेत त्यांना हात लावू नका, मी सांगेपर्यंत. म्हणून ५ टीबीचा स्नॅपशॉट सेकंदात होतो आणि त्या वेळी जागा जवळजवळ काहीच घेत नाही. जागा नंतर लागते, जसजसं तुम्ही बदलाल आणि उडवाल तसतशी.

ही कल्पना जुनी आहे. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्सकडून २००५ मध्ये खुलं झालं, बीटीआरएफएस २००९ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये आहे. आज चाळीस-पन्नास हजारांच्या नॅसमध्ये ती मिळते. पण तुमच्या नॅसमध्ये ती आहेच असं गृहीत धरू नका. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर व्हॉल्यूम (डिस्क मिळून बनवलेली साठवणीची जागा) ईएक्सटी४ या जुन्या फाइलसिस्टिममध्ये बनवलेलं असेल तर शेअर्ड फोल्डरचे स्नॅपशॉट होत नाहीत, आणि ते जागच्या जागी बीटीआरएफएस करता येत नाही. नवं व्हॉल्यूम करून डेटा हलवावा लागतो. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या नेहमीच्या सिस्टिमवर ईएक्सटी४ असूनही स्नॅपशॉट होतात, कारण ते खालच्या ब्लॉकच्या थरावर घेतले जातात. पण व्हॉल्यूम 'स्टॅटिक' प्रकारचं असेल तर तिथेही नाही. नॅस विकणारा पहिल्या दिवशी घाईत जे निवडतो ते पुढे पाच वर्षं भोगावं लागतं.

सर्व्हिसवाल्याने काय केलं ते आता कळेल. त्याने पूर्ण शेअर्ड फोल्डर सकाळच्या नोंदीवर नेला. एका गटाचा फेरफार चुकला म्हणून अख्ख्या गावाचं दप्तर मागच्या तारखेला नेण्यासारखं ते झालं. त्याच्यावर चिडू नका, स्क्रीनवर ते बटण सगळ्यात मोठं असतं. पण तुमच्या ऑफिसात एक नियम भिंतीवर लावा: एक फाइल किंवा एक फोल्डर गेलं, तर रोलबॅक नाही. स्नॅपशॉट उघडायचा, हवं तेवढं कॉपी करून बाहेर काढायचं. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'प्रीव्हियस व्हर्जन्स' असा टॅब असतो. नॅसवर ती सोय चालू केली असेल तर तुमचा डिझाइनर स्वतः, कोणालाही फोन न करता, दोन तासांपूर्वीची फाइल काढू शकतो. तिथेही 'ओपन' करून हवं ते उचलायचं, 'रिस्टोअर' दाबायचं नाही.

पूर्ण फोल्डरच गोंधळलेला असेल, काय गेलं आणि काय राहिलं याचा पत्ता नसेल, तर क्लोन करायचा. म्हणजे स्नॅपशॉटपासून वेगळ्या नावाचा नवा शेअर्ड फोल्डर बनवायचा. तो लगेच बनतो, जागाही घेत नाही, आणि चालू फोल्डर तसाच राहतो. मग दोन्ही शेजारी उघडून तुलना करायची, सावकाश. कॉपी शक्यतो नॅसच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमधून करा. पीसीवरून ओढलं तर डेटा नेटवर्कवरून एकदा बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या पुढे काही जात नाही, म्हणजे ५ टीबीला बारा-तेरा तास. शिवाय फाइलचा मालक आणि परवानग्या बदलतात आणि दुसऱ्या दिवशी 'माझं फोल्डर उघडत नाही' अशी रांग लागते.

रोलबॅक मी दोनच वेळा योग्य मानतो. एक, रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) सगळंच लॉक केलं आहे आणि नंतरचं काही वाचवण्यासारखं नाही. दोन, एखाद्या सॉफ्टवेअरचा अपडेट फसला आणि त्याचा डेटा वेगळ्या फोल्डरात एकटाच आहे. दोन्ही वेळा आधी आत्ताच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन मगच. झेडएफएसवर तोही रोलबॅकबरोबर जातो, म्हणून तिथे सरळ क्लोनच करा.

रॅन्समवेअरचं नाव निघालंच आहे तर तिथे थांबतो, कारण स्नॅपशॉटची खरी परीक्षा तिथेच असते. एखाद्या पीसीवर ते आलं की त्या पीसीला जिथे लिहायची परवानगी आहे ते सगळं लॉक होतं, नॅसवरचे मॅप केलेले ड्राइव्हसुद्धा. स्नॅपशॉट मात्र फक्त वाचता येतात, त्यामुळे नेटवर्कवरून ते बदलता येत नाहीत. अशा वेळी पहिलं काम लागण झालेल्या पीसीची नेटवर्कची वायर काढणं. कोणता पीसी ते कळत नसेल, तर खंडणीच्या चिठ्ठीची जी टेक्स्ट फाइल प्रत्येक फोल्डरात पडलेली असते, तिची प्रॉपर्टी उघडून मालक बघा. ज्याच्या लॉगिनचं नाव तिथे आहे, त्याचा पीसी. दुसरं काम, ज्याची आठवण भल्याभल्यांना राहत नाही: स्नॅपशॉटचं वेळापत्रक आणि जुने उडवण्याचा नियम, दोन्ही ताबडतोब थांबवा. नाहीतर तुम्ही धावपळ करत असता आणि नॅस इमानेइतबारे दर तासाला लॉक झालेल्या डेटाचा नवा स्नॅपशॉट घेऊन एक चांगला जुना उडवत असतं.

हे मी सातपूरच्या एका कारखान्यात दिवाळीनंतर बघितलं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कोणीतरी कोटेशनचं फोल्डर उडवून घरी गेलं. भाऊबीजेनंतर ऑफिस उघडलं. स्नॅपशॉट दर तासाला, मोजून ४८ ठेवायचे, असं लावलेलं होतं. अठ्ठेचाळीस तास म्हणजे दोन दिवस. सुट्टीत एकही माणूस काम करत नव्हता, पण स्नॅपशॉट पडत होते आणि जुने जात होते. भाऊबीजेपर्यंत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस एकसारखे, सगळे त्या फोल्डराशिवायचे. त्यामुळे 'किती' या प्रश्नाचं माझं उत्तर आकड्यात नसतं, सर्वात लांब सुट्टीत असतं. तुमची दिवाळीची सुट्टी, त्यावर चूक लक्षात यायला लागणारे आठ-दहा दिवस, तेवढं मागे जाता आलंच पाहिजे.

तुमच्यासाठी मी असं लावेन. डिझाइन आणि सीएनसीच्या फोल्डरला सकाळी आठ ते रात्री आठ दर तासाला, सात दिवस ठेवायचे. रोज रात्रीचा एक, ३० दिवस. आठवड्याचा एक, तीन महिने. महिन्याचा एक, सहा महिने, कारण टूलिंगमध्ये 'मार्चमध्ये रिव्हिजन बी होतं ते दाखवा' असं गिऱ्हाईक म्हणतंच. हे सगळे मिळून दीडशेच्या आत येतात. लहान नॅसवर एका फोल्डरला किती स्नॅपशॉट चालतात याची मर्यादा असते, ती आधी बघून घ्या. उगाच दर पाच मिनिटांनी लावू नका. जुने उडवतानाही नॅसला ब्लॉक हिशोबाने मोकळे करावे लागतात, आणि स्वस्त प्रोसेसर त्यात दमतो.

टॅलीचं वेगळं. स्नॅपशॉट हा त्या क्षणाचा फोटो असतो. कोणी व्हाउचर सेव्ह करताना काढला तर फोटोत अर्धवट व्हाउचर येतं. वीज गेल्यावर डेटा ज्या अवस्थेत सापडतो तसा. बहुतेक वेळा उघडतो, कधी दुरुस्त करून घ्यावा लागतो. म्हणून टॅलीच्या फोल्डरला जेवणाच्या सुट्टीत एक आणि रात्री सगळे बाहेर पडल्यावर एक, आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअप रोज दुसऱ्या फोल्डरात.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच नॅसवर असेल तर त्या फोल्डरला स्नॅपशॉट अजिबात नको. कॅमेरा रोज जुनं पुसून नवं लिहितो, आणि स्नॅपशॉट पुसलेलं सगळं धरून बसतो. पंधरा दिवसांत डिस्क भरते. आउटलुकच्या पीएसटी (मेल साठवणाऱ्या) फाइल नॅसवर ठेवल्या असतील तर त्या पीसीवर हलवा. नेटवर्कवर पीएसटी ठेवणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही, आणि मेल उघडला की इतकी मोठी फाइल बदलत राहते की स्नॅपशॉट फुगतात.

जागेबद्दल लोकांची एक तक्रार कायम येते: 'भाऊ, दोन टीबी उडवलं तरी नॅस भरलेलंच दाखवतंय.' गंगापूर रोडला लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ आहे. सीझनआधी जागा करायला त्यांनी जुने व्हिडिओ उडवले, जागा मोकळी होईना, म्हणून सगळे स्नॅपशॉट एका दमात उडवले. जागा झाली. चार दिवसांनी एक कुटुंब अल्बमसाठी आलं. ते व्हिडिओ त्या दोन टीबीत होते. कंस केलेलं नाव वाचता येतं. दप्तरच रद्दीत घातल्यावर काय वाचणार. जागा हवी असेल तर सर्वात जुन्या स्नॅपशॉटपासून एकेक करून उडवा, आणि नॅसचा रिसायकल बिनही बघा. त्यातलं नुसतं रिकामं करूनही जागा सुटत नाही, कारण स्नॅपशॉटमध्ये तेही धरलेलं असतं.

तुमचा हिशोब असा बसतो. चार डिस्क, रेड ५, म्हणजे एका डिस्कची जागा तपासणीच्या माहितीत जाते, १२ टीबी उरतात, स्क्रीनवर १०.९ च्या आसपास दिसतात, कारण कॉम्प्युटर हजाराऐवजी १०२४ ने भागतो. डेटा ५. रोज २० जीबी बदलतं धरलं तर महिन्याचे स्नॅपशॉट ६०० जीबीच्या आसपास. आरामात. पण रॅन्समवेअरने पाचच्या पाच टीबी पुन्हा लिहिले, तर जुने पाच स्नॅपशॉटमध्ये आणि नवे पाच वर, म्हणजे दहा, पार काठावर. जागा संपली की काही नॅस नवीन लिहिणं थांबवतात, आणि काही सर्वात जुने स्नॅपशॉट आपणहून उडवायला लागतात. तुम्हाला नेमके तेच हवे असतात! ही सेटिंग शोधा आणि तुमच्या नॅसवर काय होतं ते माहीत करून घ्या. डेटा निम्म्यापेक्षा वर गेला की डिस्क वाढवायचं बजेट काढा.

याच हिशोबातून एक फुकटचा पहारेकरी मिळतो. रोजचा बदल २० जीबी असताना एके रात्री ४०० जीबी दिसला, तर काहीतरी घडतं आहे. स्नॅपशॉटने धरलेली जागा अचानक वाढली की मेल यावा असं शक्य असेल तर लावून ठेवा.

आता तो अप्रिय भाग. नेटवर्कवरून स्नॅपशॉट बदलता येत नसला, तरी नॅसचा अॅडमिन पासवर्ड हातात असलेला माणूस तो उडवू शकतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात इंटरनेटला उघडी असलेली क्यूनॅप नॅस थेट गाठली गेली आणि फाइली पासवर्ड लावलेल्या ७-झिप (दाबून बंद केलेल्या) फाइलींमध्ये कोंबल्या गेल्या. अनेकांना त्यानंतर स्नॅपशॉटही सापडले नाहीत. त्यामुळे राउटरवर नॅससाठी पोर्ट उघडू नका, घरून काम हवं तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता. मूळ 'अॅडमिन' खातं बंद करून वेगळ्या नावाचं, दोन टप्प्यांच्या लॉगिनचं. आणि ते खातं कोणत्याही पीसीवर ड्राइव्ह मॅप करायला वापरायचं नाही. अंबडमध्ये मी जितक्या ऑफिसात गेलो त्यातल्या निम्म्यांत मालकाच्या लॅपटॉपवर अॅडमिन पासवर्ड सेव्ह केलेला असतो, आणि सगळ्यात जास्त मेल तोच लॅपटॉप उघडतो.

यावर उपाय आहे, न उडवता येणारा स्नॅपशॉट. सिनॉलॉजीच्या काही मॉडेलवर तो २०२३ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२ या तिच्या सिस्टिमपासून मिळतो. ठरवलेली मुदत संपेपर्यंत अॅडमिनलाही तो काढता येत नाही. मी १४ दिवस लावतो. महिनाभर लावण्याचा मोह टाळा. चुकून तीन टीबीचा कचरा आत आला तर तोही तितके दिवस निघत नाही. झेडएफएसवर 'होल्ड' असतो, पण ज्याने तो लावला त्याला काढताही येतो, त्यामुळे तो चुकीपासून वाचवतो, चोरापासून नाही.

आणि बॅकअप? लागतोच. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, त्याच डब्यात असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नाशिकला गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, सराफ बाजारात पाणी शिरलं. तिथल्या एका दुकानात नॅस काउंटरखाली जमिनीवर ठेवलेलं होतं. चारही डिस्क, सगळे स्नॅपशॉट, अगदी व्यवस्थित लावलेले, गाळात. त्यांच्याकडे पेनड्राइव्हवर हिशोबाची एक जुनी प्रत होती, तेवढ्यावर दुकान पुन्हा उभं राहिलं. अंबडला नदीचं पाणी येणार नाही, पण शॉर्टसर्किट, चोरी, आणि एकाच दिवशी घेतलेल्या एकाच बॅचच्या दोन डिस्क पाठोपाठ जाणं हे सगळीकडे असतं. रेड ५ एक डिस्क गेलेली सहन करतं, दुसरी नाही.

तुमच्यासाठी सोपं आहे. एक लहान दोन डिस्कचं नॅस तुमच्या घरी ठेवा. त्याने रात्री ऑफिसच्या नॅसकडून स्नॅपशॉट ओढून घ्यावेत. ओढून घ्यावेत असं मुद्दाम म्हणतोय. ऑफिसच्या नॅसने ढकलायचे ठरवलं, तर घरच्या नॅसचा पासवर्ड ऑफिसच्या नॅसमध्ये असणार, आणि एक पडलं की दुसरंही पडणार. पहिली प्रत ऑफिसातच एका नेटवर्कवर जोडून भरून घ्या. पाच टीबी घरच्या इंटरनेटवरून पाठवायला बसलात तर दिवस मोजावे लागतील. नंतर रोज फक्त बदललेले ब्लॉक जातात, म्हणून रात्रीत काम होतं. याशिवाय एक यूएसबी डिस्क, आठवड्यातून एकदा जोडून, भरून, काढून कपाटात. जोडून ठेवायची नाही.

कायद्याचं एकच: हल्ला खरंच झाला, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. त्यांचा मेल आत्ताच लिहून ठेवा, त्या दिवशी शोधायला सुचत नाही.

रिस्टोअरचा सराव करायला मी गिऱ्हाइकांना एक सवय लावली आहे. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः डिझाइनरला सांगायचं, अमुक जॉबची तीन आठवड्यांपूर्वीची फाइल काढून दाखव. सर्व्हिसवाल्याला फोन न करता. किती मिनिटं लागली ते वहीत. पहिल्यांदा अर्धा तास लागतो आणि कोणीतरी रोलबॅकच्या बटणावर बोट नेतंच, तेव्हा शेजारी उभे राहा.

तूर्तास दोन गोष्टी कळवा: व्हॉल्यूम बीटीआरएफएस आहे का ईएक्सटी४, आणि त्या दिवशीच्या दुपारचा स्नॅपशॉट यादीत दिसतो का. दिसला तर त्याला आधी लॉक करा, म्हणजे रात्रीच्या साफसफाईत तो जाणार नाही. आणि सीएनसीच्या ऑपरेटरला आजच सांगा, मेमरीतलं काही पुसू नको.